बशीएवढा गोल

उस्तकामध्ये, समुद्रापासून दोन गल्ल्या आत,
बोगुमिलमामांच्या भिंतीवर आता दाराएवढा टीव्ही आहे.
लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्याने आणला.
याग्नाने खालून ढकलला, मी वरून शिव्या दिल्या.

संध्याकाळी तिने त्यावर पाणबुड्याचा खेळ लावला,
शहाऐंशीच्या उन्हाळ्यात
वाळूकाठच्या चाकांवरल्या खोलीत
मामा चालवायचे तो.
पाणबुड्या आला.
बसका, जेवून सुस्तावलेला,
डोक्यावरचं पितळी शिरस्त्राण कढईसारखं पसरलेलं,
आणि बुडबुडे सगळे अंडी.

"केवढं मोठं दिसतंय ना?" याग्ना म्हणाली.
मामा बोलले नाहीत.
चहाच्या ग्लासाखालची बशी काढली,
बाहीला पुसली, अर्धीच,
आणि गुडघ्यांची कुरकुर ऐकत उठून
सगळ्यात मोठ्या बुडबुड्यावर पालथी टेकवली.
डावीकडे बोटभर बुडबुडा बाहेर,
उजवीकडे बोटभर.
"हा," ते म्हणाले, "पाण्यात टिकला नसता."

मग मेनू. मेनूच्या पोटात मेनू.
रुंद. पूर्ण पडदा. हुशार ताण.
(यात हुशार कोण, ते कुठेच लिहिलेलं नाही.)
टीव्ही म्हणे, खेळपेटीला विचारा,
पेटी म्हणे, टीव्हीला;
कचेरीतल्या दोन खिडक्या, मध्ये आम्ही.
इथे चारास तीन केलं, तर तिथे आधीच ताणलेलं,
तिथे केलं, तर इथे कडा छाटलेल्या,
गुणांचे आकडे मानेपासून उडालेले.

तोवर मामा, कुणी न विचारता, सांगू लागले:
काचेच्या नळीतलं चित्र लहरी असायचं.
सकाळच्या गारठ्यात आखडायचं, दुपारी फुगायचं,
खारा वारा लागला की थरथरायचं.
मग मागची फळी काढायची,
समोर स्टुलावर आरसा ठेवायचा
आणि मागून, आरशात बघत,
पेचकस केसभर फिरवायचा.
एक हात आत. दुसरा खिशात.
कोशिबाने दोन्ही घातले होते,
त्यानंतर त्याला शर्टाची बटणं बायको लावून द्यायची.
"आरशात डाव्याचं उजवं होतं," मामा म्हणाले,
"पण गोल गोलच राहतो. तेवढ्यावर भागायचं."

"मूळ प्रमाण," याग्ना ओरडली,
सातव्या की आठव्या पानावर, अगदी तळाशी.
तिने बटण दाबलं
आणि पाणबुड्याने श्वास आत ओढला,
पोट गेलं, पाय लांबले,
बुडबुडे एकेक करून भरले.
मामांनी बशी लावली.
काठाला काठ.

"पण ह्या काळ्या पट्ट्या?"
याग्नाचा चेहरा पडला.
"दोन्हीकडे एवढं रिकामं? आपण तर पूर्ण टीव्हीचे पैसे भरले."

मामांनी डाव्या पट्टीवर बोट ठेवलं.
"इथे वात्सेक. टोकन कधीच नसायचं,
पण सल्ले भरपूर."
मग उजवीकडे वळले, पट्टीकडे नाही, माझ्याकडे.
"आणि इथे ही. वाफल खाऊन यायची,
लाकडाला साखर लागायची. रोज पुसायचो."

मला साखर आठवत नाही.
पेटीचं गरम लाकूड आठवतं, गालाला,
आणि दुसऱ्याच्या हातातली दांडी,
जिच्याबरोबर माझा खांदा हलायचा.
मामांनी पुसलेलं, ते मला आज कळलं.

याग्ना तिसऱ्याच शिंपल्यापाशी बुडाली.
पुन्हा बुडाली.
मामांनी खुर्ची डावीकडे ओढली आणि सल्ले सुरू केले,
सगळे चुकीचे.
मी कधी उठले, कुठे जाऊन उभी राहिले,
लक्षात आलं तेव्हा गाल पडद्याच्या चौकटीला लागत होता.
गार होती.

रात्री टीव्ही बंद केला.
काळ्या काचेवर
चहाचं एक कडं राहिलंय, बशीएवढं.
उद्या पुसेन म्हणते.